मोगऱ्याच्या पाच कुंड्या

"आजपासून या झाडायले पानी नाई," असं म्हणून ढोक्यानं माझ्या हातातली झारी काढून घेतली आणि मोरीच्या कठड्यावर उलटी ठेवून दिली.

"किती दिवस?"

"वसंतपंचमी येऊ द्या. तवापर्यंत एक थेंब नाई."

"अरे, महिनाभर? मरतील ती."

"मरत नाई साहेब. तुमी लाड करून राह्यले झाडाचे. दोन टाइम पानी, वरून चहाचा चोथा, वरून शेनखत. मंग त्याले कायची पडली हाय फुलाची? खाते-पिते, पानं काढते अन् बसते गुमान. आमी संत्र्याले महिनाभर तानावर सोडतो. पान पिवळं पडलं, गळाले लागलं, की मंग पानी दाखवाचं. असं फुटते मंग, की फांदी दिसत नाई."

ताणावर सोडायचं म्हणजे पाणी तोडायचं, एवढं परतवाड्यात राहून मलाही ठाऊक होतं. संत्र्याची बाग असलेल्याच्या घरी पौषात झाडांनाही पाणी विचारत नाहीत आणि पाहुण्यांनाही नाही, अशी थट्टा आम्ही नोकरदार मंडळी करायचो. पण ती दुसऱ्यांची झाडं होती. ही पाच माझी होती.

मी तिथल्या पोस्टात पोस्टमास्तर होतो आणि ढोके माझ्या हाताखालचा सगळ्यात जुना पोस्टमन. गावाकडे त्याची संत्र्याची दीडशे झाडं होती. ऑफिसात तो माझं ऐकायचा, झाडांच्या बाबतीत मी त्याचं. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मी साधी तुळस लावली नव्हती. कार्तिकात ऑफिसला रंग द्यायचा निघाला, आवारातल्या कुंड्या हलवायच्या होत्या, त्यातल्या मोगऱ्याच्या पाच मी रिक्षात घालून घरी आणल्या आणि मागच्या दाराला लागूनच ओळीनं मांडल्या. त्या आणण्याचं कारण आत, मधल्या खोलीतल्या पलंगावर होतं.

"नाही," आतून आवाज आला.

"बाई जाग्या हायेत वाटते." ढोके दाराशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार बाई."

"नाही," ताई म्हणाली.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती एकोणीस. तिनं मला वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही आणि माझं मात्र करून दिलं. ते टिकलं नाही, हा माझा पराक्रम. एकतीस वर्षं ती मुलींच्या शाळेत पीटीची बाई होती. पाचघरे बाई मैदानात आल्या की वडाच्या झाडावरचे कावळेसुद्धा रांगेत बसतात, असं मुली म्हणायच्या. तर दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी या बाईची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उरला तो हा एकच शब्द. चहाला नाही, जेवणाला नाही, दिवा लावू का, तर नाही. हो म्हणायचं असलं तरी तोंडातून नाहीच यायचं, त्यामुळे तिला खरोखर काय नको आहे ते शेवटी मलाच ठरवावं लागायचं.

व्यायाम करून घ्यायला दर रविवारी एक मॅडम यायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "होळीच्या आत या स्वतःच्या पायांवर उभ्या राहायला हव्यात. नाहीतर गुडघे आखडतील आणि मग कायमचंच. बळ आहे पायात, मी बघितलंय. पण त्यांची इच्छा नाही." त्यांनी ताईला एक ते दहा म्हणायला सांगून पाहिलं. कधी कधी बोलणं गेलं तरी आकडे शिल्लक राहतात म्हणे. ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची पीटीची शिटी मी पलंगाच्या कडीला बांधून ठेवली होती, काही लागलं तर वाजव म्हणून. मॅडम म्हणाल्या, छान, ओठांनाही व्यायाम होईल. दुसऱ्या दिवशी शिटी उशीखाली गेली, ती तिथंच राहिली.

मोगऱ्याचं डोक्यात आलं ते असं. शाळेत पीटीच्या तासाला गजरा चालत नसे. मुली आपापले गजरे काढून ताईच्या टेबलावर ठेवायच्या आणि तास संपला की उचलायच्या. एखादीचा राहून जायचा. तो ताई पर्समध्ये घालून घरी आणायची. डोक्यात कधी माळला नाही तिनं, उशाशी ठेवायची. उन्हाळ्यात आमचं घर त्या राहून गेलेल्या गजऱ्यांनी दरवळायचं. मला वाटलं, दारात मोगरा फुलला तर निदान दारापर्यंत तरी येईल. एवढाच माझा बेत. तो फसला तर दुसरा कुठलाही माझ्याजवळ नव्हता.

म्हणून ढोक्याचं ऐकलं. झारी उलटी झाली.

आता माझा दिवस कसा जायचा ते सांगतो. तक्रार म्हणून नाही, पुढचं कळावं म्हणून. साडेचारला उठायचं. तिचं सगळं आवरायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, मऊ भात करून चमच्या-चमच्यानं भरवायचा. स्टुलावर पिण्याच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि नऊला ऑफिस गाठायचं. अकरा ते एक बेबीबाई यायची, ती जेवू घालून, कपडे धुऊन जायची. एकपासून मी साडेपाचला येईपर्यंत ताई एकटी. पुढच्या दाराला बेबीबाई बाहेरून कडी घालून जायची. मागचं दार उजेडासाठी उघडं ठेवत होतो, अंगणाला पुरुषभर उंच भिंत होती. संध्याकाळी पुन्हा तेच सगळं उलट्या क्रमानं. जेवताना मला घास तोंडात असताना डुलकी यायची. एकदा तर मनात आलं की आता सुटका व्हावी. कुणाची, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

पाणी तोडल्याला आठ दिवस झाले. रोज ऑफिसातून आलो की मी चपला न काढता आधी पानं बघायचो. बघायची ती पिवळी पडली का, म्हणून. ज्या झाडांना दोन महिने जिवापाड जपलं, त्यांच्या मरणाची वाट बघत मी उभा असायचो आणि पलंगावरून ताई म्हणायची, "नाही. नाही."

"हो गं, आणतो भात," मी म्हणायचो.

"नाही."

"नाही कसं? खायला तर हवं."

पानं थोडी मलूल झाली होती, पण पिवळी पडत नव्हती. एक चांगली गोष्ट मात्र घडत होती. तांब्या रोज रिकामा सापडायचा. आधी ताई दोन घोट जेमतेम घ्यायची. रविवारी मी मॅडमना कौतुकानं सांगितलं, "पाणी छान पिते आता." त्यांनाही बरं वाटलं.

आणि एक वाईट गोष्टही घडत होती. संध्याकाळी आलो की पलंगाशेजारची फरशी ओली असायची, तिच्या लुगड्याचा काठ ओला असायचा. पहिल्या दिवशी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुसलं. चौथ्या दिवशी माझा तोल गेला.

"ताई, हाक मारता येत नाही, कबूल. पण शिटी दिलीय ना? ती का वाजवत नाहीस? बेबीबाई असताना सांगत नाहीस आणि मग हे असं. मीही माणूस आहे. थकतो मी. किती धुवायचं मी एकट्यानं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नाहीसुद्धा म्हणाली नाही. मी बाजारातून मेणकापड आणलं आणि तिच्या चादरीखाली अंथरलं. ज्या बाईनं माझी आजारपणं काढली, माझ्या ओकाऱ्या धुतल्या, तिच्या खाली ते कापड सारताना मला कळत होतं की हा तिचा अपमान आहे. कळत असून केला. तिनं डोळे मिटून घेतले.

पंधराव्या दिवशी ढोके आला. त्यानं कुंडीत बोट खुपसलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"साहेब, पानी टाकून राह्यले तुमी."

"शपथेवर सांगतो, नाही."

"मंग ओल कायची हाय? पंधरा दिसात माती दगड व्हाले पायजे. कोनीतरी टाकते."

घरात कोण? बेबीबाईच. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अकराला घरी आलो आणि तिला विचारलं. जरा आवाज चढवूनच विचारलं.

बेबीबाईनं हातातलं पिळलेलं लुगडं बादलीत टाकलं. "मी कायले टाकू पानी? मले बाईचं करता करता जीव पुरत नाई, अन् तुमच्या झाडाचे लाड करू? भरोसा नसन तर उद्यापासून दुसरी पाहा."

तिची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. ती निघून गेली असती तर माझं काय झालं असतं, या विचारानंच घाम फुटला. तरी संशय जाईना. मी अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर झाकण ठेवलं, झाकणावर जातं ठेवलं. मोरीचा नळ बाहेरून बंद केला. आता बघू म्हटलं कोण पाणी घालतं ते.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ऑफिसात सही करायला बसलो आणि खिशात चष्मा नव्हता. समोर कागदांचा ढीग, चष्म्यावाचून मला स्वतःचं नावही दिसत नाही. तीन वाजले होते. ढोक्याची सायकल घेऊन घरी आलो. ताई झोपली असेल म्हणून कडी आवाज न करता काढली, चपला बाहेरच ठेवल्या.

मधल्या खोलीतला पलंग रिकामा होता.

एखाद्या घरात शिरावं आणि भिंतच नसावी, तसं झालं मला. पलंगावर नाही, खाली नाही. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. जाड, घोगरा, अडखळणारा. साडेतीन महिन्यांनी ऐकत होतो, तरी ओळखू आला. तो मैदानावरचाच आवाज होता.

"एक... दोन... एक... दोन..."

मी पडद्याआडून पाहिलं. ताई पाठमोरी होती. डावा खांदा भिंतीला घासत ती चालली होती. "एक" म्हटलं की डावा पाय पुढं पडत होता आणि "दोन" म्हटलं की उजवा पाय फरशीवरून ओढला जात होता. डाव्या हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता आणि तो हिंदकळून लुगड्याचा काठ भिजत होता. मागच्या दाराशी पोचायला तिला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पोचल्यावर तिनं चौकटीला पाठ टेकली, दम खाल्ला, आणि वाकून दाराशेजारच्या पहिल्या कुंडीत थोडं पाणी ओतलं. मग दुसऱ्या. तिसऱ्या. लांबच्या दोन कुंड्यांपर्यंत हात पुरेना, तर तिनं तांब्याला हिसका देऊन पाणी फेकलं. निम्मं जमिनीवर पडलं.

"नाही," ती कुंड्यांना म्हणाली. "नाही, नाही."

तेव्हा मला कळलं की रोज संध्याकाळी ती काय म्हणत होती. मी तिला भात भरवत होतो आणि ती मला पाणी घाल म्हणत होती. पलंगावरून समोर दार, दारात कुंड्या, आणि रोज त्यांच्या मरणाची वाट बघत उभा राहणारा तिचा भाऊ. दिवसभर तिला दुसरं दिसत काय होतं?

पुढं होऊन तिला धरावं असं फार वाटलं. पण ती वळायच्या आत मी मागं सरलो, बाहेर आलो आणि कडी घातली. चष्मा न घेताच. रस्त्यावर आल्यावर मी रडलो. तिच्यासाठी रडलो म्हणालो तर खोटं होईल, त्या मेणकापडासाठी रडलो.

"चष्मा?" ऑफिसात परतल्यावर ढोक्यानं विचारलं.

"सापडला नाही."

"अन् डोये कायले लाल?"

मग त्याला सगळं सांगितलं. आधी तो माळ्यासारखाच बोलला. "मंजे तान तुटला. गेली आता फुलं." नंतर बराच वेळ टपालाच्या थैलीचा बंद सोडत-बांधत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता घरी आला. ताईला नमस्कार केला, अंगणात गेला आणि एका कुंडीची माती काडीनं उकरून खालपर्यंत पाहिली. मग मला हळू आवाजात म्हणाला, "साहेब, माह्यं चुकलं. मी संत्र्याचा नियम कुंडीले लावला. संत्र्याचं मूळ जमिनीत कुठलोक जाते, त्याले महिनाभर काई होत नाई. हे वीतभर डब्यातलं झाड. दहा दिवस लय झाले याले. बाईनं पानी नसतं टाकलं तर पंचमीले आपन काड्या पाह्यल्या असत्या."

"मग आता? घालू पाणी?"

ढोके उठला, हात झटकले आणि कुंड्यांकडे, दाराकडे आणि दारातून दिसणाऱ्या पलंगाकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

"तुमी कायले घालता?" तो म्हणाला. "अन् या कुंड्या इतक्या दाराजोळ कोनं ठेवल्या?"

एवढंच बोलून तो गेला. चहासुद्धा घेतला नाही.

त्या दिवसापासून माझं नवं बागकाम सुरू झालं. सकाळी ताईचा डोळा लागलेला असताना मी अंगणात जायचो आणि कुंड्या वीतभर पुढं सरकवायचो. जास्त नाही, वीतभर. माती उकरत नव्हतो, खत देत नव्हतो, पाणी तर नाहीच. असली बागायत कुठल्या माळ्यानं केली नसेल. तांब्या बदलून जरा मोठा आणला, वर कडी असलेला, मनगटात अडकवता येईल असा. मेणकापड काढलं, घडी करून माळ्यावर टाकलं. ताईनं ते पाहिलं. संध्याकाळी रिकामा तांब्या उचलून मी विचारायचो, "पाणी संपलं का गं?"

"नाही," ती म्हणायची. अगदी शांतपणे.

पाच-सहा दिवसांनी कुंड्या पायरीखाली गेल्या. त्या दिवशी ऑफिसात माझं चित्त नव्हतं. चालायला भिंतीचा आधार होता, पण ती पायरी चांगली आठ इंच उंच. दोन मनिऑर्डरी मी उलट्यासुलट्या केल्या. घरी आलो तर पाचही कुंड्यांची माती ओली होती. पंचमी आली आणि गेली. ढोक्यानं पान उलटून पाहिलं, "डोये फुटून राह्यले," म्हणाला. रविवारी मॅडमनी ताईचा गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "काय करता हो तुम्ही?" मी म्हटलं, "मी काहीच करत नाही." खरंच होतं ते. त्यांच्यासमोर ताई एक पाऊल उचलायला तयार नव्हती. आकडे म्हणा म्हटलं तर भिंतीकडे तोंड.

माघ संपला. अंगणाच्या टोकाला शेवगा होता, त्याची पानं झडून शेंगा लोंबायला लागल्या. कुंड्या अंगणाच्या मध्यावर आल्या होत्या. तिथं धरायला भिंत नव्हती. मी मोरीजवळची कपड्यांची काठी आणून दारामागं उभी केली, उगाच, विसरल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोपऱ्यात होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी बेबीबाईची माफी मागितली. तिला कशाची ते कळलं नाही, तरी तिनं ठेवून घेतली.

आणि मग होळीच्या चार दिवस आधी साडेपाचला घरी आलो, तर ताई पलंगावर होती, पण लुगडं मातीनं माखलं होतं. डावं कोपर सोलवटून रक्त सुकलं होतं. अंगणात तांब्या आडवा पडला होता आणि काठी दोन हात लांब. ती पडली होती. किती वेळ पडली होती, कशी उठली, कशी आत आली, ते कुणीच पाहिलं नव्हतं. मी कोमट पाणी घेतलं, कोपर धुतलं, हळद लावली. ती छताकडे बघत होती, काहीच न घडल्यासारखी.

"ताई," मी म्हटलं. पण पुढं काय बोलणार? तू पडलीस कशी, हे विचारायचं तर मला माहीत आहे हे सांगावं लागलं असतं.

त्या रात्री मी हिशेब केला तो एवढाच, की हाड मोडलं असतं तर ते माझ्यामुळे. तिला अंगणात मी ओढत नेलं होतं, वीत-वीत करत, चोरून. आणि खरं सांगायचं तर मी फार दमलोही होतो. आशा धरायचेही कष्ट असतात, आणि ते आता माझ्याच्यानं होईनात. पलंगावर पडून राहिली तरी चालेल, निदान धडधाकट पडून राहील, असं मी ठरवलं आणि झोपलो.

फुलांचं इथंच सांगून टाकतो. त्या वर्षी मोगऱ्याला फुलं आली ती चैत्र निम्मा सरल्यावर, पाच कुंड्यांत मिळून अकरा. ढोक्याला लाज वाटली, मला नाही. पुढं सहा वर्षं ताई होती आणि दर पौषात ढोके पाणी तोडायला सांगायचा, या वेळी मोजून दहा दिवस म्हणायचा, पण ताईनं ते एकदाही होऊ दिलं नाही. त्यामुळे आमच्याकडचा मोगरा कधीच लोकांच्या मोगऱ्यासारखा फुलला नाही. आज ताई नाही, ढोकेही नाही. कुंड्या आहेत. नवीन बाग करणारी कुणी मंडळी मला विचारतात, काका, सुरुवात कशी केली, कुणाकडून शिकलात, तेव्हा मी ढोक्याचं नाव सांगतो. पुरतं खरं ते नाही.

कारण ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असं झालं. नुकतं उजाडलं होतं. मी अंगणात गेलो आणि पहिली कुंडी दोन्ही हातांनी धरून पुन्हा दाराकडे ओढायला लागलो. वीतभर नाही, सरळ पायरीपर्यंत. ती ठेवली. दुसरी आणली. कंबर धरली होती. तिसरी ओढत अर्ध्यात आलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

शिटी म्हणावी असा तो नव्हता. निम्मी हवा ओठांच्या उजव्या बाजूनं निसटत होती. पण एकतीस वर्षं ज्या सुरात ती शिटी वाजत होती, तो सूर होता. मी जागच्या जागी ताठ उभा राहिलो. बावन्न वर्षांचा पोस्टमास्तर, हात मांड्यांना चिकटवून.

ताई दारात उभी होती. काठी नव्हती, चौकटीला खांदा लावला होता. कोपराला हळदीचा पिवळा डाग. शिटी ओठांत तिरकी. तिनं माझ्याकडे पाहिलं, पायरीशी आणून ठेवलेल्या दोन कुंड्यांकडे पाहिलं, आणि नापास मुलीकडे बघावं तसं पुन्हा माझ्याकडे. मग डाव्या हातानं शिटी काढली.

"नाही," ती म्हणाली.

"ताई, अगं काल तू..."

"नाही."

तिनं डावा हात लांब केला आणि बोट दाखवलं. जिथून मी कुंडी आणली होती त्या मध्याकडे नाही. त्याच्याही पलीकडे, अंगणाच्या टोकाला, शेवग्याखालच्या भिंतीकडे.

किती दिवसांपासून तिला माहीत होतं, ते मला कधीच कळलं नाही. बहुधा पहिल्या वितेपासून. माझा डोळा चुकवून ती पाणी घालत होती आणि तिचा डोळा चुकवून मी कुंड्या सरकवत होतो, एवढं मोठं गुपित आम्ही दोघं एकाच घरात सांभाळत बसलो होतो.

मी एक-एक करत पाचही कुंड्या ओढत शेवग्याखाली नेल्या आणि भिंतीला लावून ओळीत मांडल्या. पाचवी ठेवली तेव्हा माझ्यात उभं राहण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिथंच मातीत बसलो, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

दारातून आवाज आला, "एक."